विश्लेषण : ‘केअर’ यादी गेली, पंढरपूर-सोलापूरच्या नवसंशोधकांनी शोधनिबंध कुठे आणि कसा छापावा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ११ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर सूचना काढून ‘यूजीसी-केअर’ ही नियतकालिकांची यादी बंद केल्याचे कळवले. कोणते नियतकालिक दर्जेदार, याचा निर्णय आता विद्यापीठे, महाविद्यालये आणि स्वतः संशोधक यांनी घ्यायचा आहे. मोठ्या शहरातल्या, जाणकार ग्रंथपाल आणि अनुभवी मार्गदर्शक हाताशी असलेल्या संशोधकाला याने फारसा फरक पडणार नाही. पण पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्यात तासिका तत्त्वावर शिकवत पीएच.डी. करणाऱ्यांसाठी ही यादी म्हणजे फसवणुकीपासूनचा निदान एक आडोसा होता. तो गेल्यावर काय करायचे?

यादी आली कशी आणि गेली का?

यूजीसीने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची पहिली मोठी यादी जाहीर केली. विद्यापीठांनी सुचवलेली नावे तीत घेतल्याने दर्जाहीन नियतकालिकेही आत शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. हा अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. त्यानंतर मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली.

त्याच वर्षी ‘केअर’ची घोषणा झाली आणि २०१९ पासून नवी यादी लागू झाली. तिचे बरेचसे काम पुणे विद्यापीठातील कक्षातून चाले. तिच्याबाबतही तक्रारी होत्याच. सारे निर्णय एकाच ठिकाणी होतात, नवी नियतकालिके आत यायला वेळ लागतो, भारतीय भाषांतील चांगली नियतकालिके बाहेर राहतात, असे आक्षेप होते. यूजीसीने ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत यादी बंद करण्याचे ठरवले. योगायोग असा, की त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. यादीच्या जागी यूजीसीने नियतकालिक निवडताना पाहायचे निकष सुचवले असून, संस्थांनी आपापली यंत्रणा उभारावी असे म्हटले आहे.

पंढरपुरातील संशोधकाला याची झळ जास्त का?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. ते एका जिल्ह्यापुरते आणि तुलनेने तरुण विद्यापीठ आहे. पंढरपुरात रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय, गोपाळपूरचे ‘स्वेरी’ अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था आहेत. मात्र विद्यापीठाचे ग्रंथालय सोलापूरजवळ केगावला. आठवड्याचे तास, परीक्षेची कामे आणि घर सांभाळून तिथपर्यंत सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर जाणे रोज जमत नाही.

अशा वेळी शोधनिबंध छापण्याचा ‘मार्ग’ बहुधा व्हॉट्सॲपवरून येतो. ‘पीअर रिव्ह्यूड’, ‘हाय इम्पॅक्ट फॅक्टर’, ‘चार दिवसांत प्रकाशन’, ‘प्रमाणपत्र मोफत’ असा मजकूर आणि खाली क्यूआर कोड. काही हजार रुपये भरले की निबंध ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात येतो. तासिका तत्त्वावरच्या तुटपुंज्या मानधनातून हे पैसे जातात. पुढे मुलाखतीत कोणी नियतकालिकाचे नाव विचारले, की त्या निबंधाचा उपयोग होण्याऐवजी अडचण होते.

मुळात शोधनिबंध सक्तीचे आहेत का?

इथे गैरसमज मोठा आहे. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रकाशित करणे आणि परिषदांत दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमावलीत ही सक्ती उरलेली नाही. मात्र विद्यापीठे स्वतःच्या अध्यादेशात अट ठेवू शकतात. म्हणून वरिष्ठांच्या ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा आपल्या नोंदणीच्या वर्षाला लागू असलेला विद्यापीठाचा अध्यादेश वाचणे, ही पहिली पायरी.

नोकरीचे गणितही तपासून पाहावे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना १०० पैकी शोधनिबंधांना जास्तीत जास्त ६ गुण आहेत, प्रत्येकी २. म्हणजे चौथ्या निबंधापासून या तक्त्यात एकही गुण वाढत नाही. विद्यापीठातील पदासाठी ही मर्यादा १० गुणांची, म्हणजे पाच निबंधांची आहे. याउलट पीएच.डी.ला महाविद्यालयाच्या तक्त्यात २५ गुण आहेत. सहा महिन्यांत दहा निबंध ‘काढून’ घेणारा उमेदवार मग नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न उरतो. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने या नियमावलीचा नवा मसुदाही मांडला आहे. त्यामुळे प्रत्येक जाहिरातीत कोणते नियम लागू आहेत, ते पाहणे आवश्यक आहे.

फसवे नियतकालिक ओळखायचे कसे?

अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशनांसाठी ‘प्रेडेटरी’, म्हणजे भक्षक, हा शब्द रूढ केला. २०१३ मध्ये ‘सायन्स’ने एक प्रयोग घडवून आणला. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका असलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशन समूहाला तर मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. समीक्षणाविषयी दिशाभूल करणे आणि शुल्क लपवणे, हे त्यातील प्रमुख मुद्दे होते.

मोबाइलवरही करता येतील अशा काही तपासण्या :

१. नियतकालिकाचे मागचे दोन-तीन अंक उघडून वाचावेत. एकाच अंकात मराठी कविता, मृदाविज्ञान आणि बँकिंग यांवरचे निबंध शेजारीशेजारी असतील, तर ते सगळे तपासले कोणी, हा प्रश्न विचारावा.

२. संपादक मंडळातील दोन नावे घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधावीत. तिथे त्या व्यक्तीच्या परिचयात या नियतकालिकाचा उल्लेख आहे का? नसल्यास त्यांना ई-मेल करून विचारावे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

३. ‘आयएसएसएन’ हा फक्त ओळखक्रमांक आहे. वाहनाच्या नंबरप्लेटवरून चालक कसा आहे हे कळत नाही, तसेच हे.

४. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या नावाने ओळखला जाणारा मूळ आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी प्रसिद्ध करते. त्याच्याशी मिळतीजुळती नावे असलेले अनेक आकडे बाजारात पैसे देऊन मिळतात. ‘आमचा इम्पॅक्ट फॅक्टर ८’ असा दावा दिसला, तर तो कोणी मोजला हे पाहावे.

५. ‘स्कोपस’मध्ये असल्याचा दावा असेल, तर स्कोपसच्याच संकेतस्थळावरील यादीत नाव आणि आयएसएसएन जुळवून पाहावा. मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांसाठी ‘डीओएजे’ ही मोफत निर्देशिका आहे. नियतकालिकाने स्वतःच्या पानावर लावलेली बोधचिन्हे हा पुरावा नव्हे.

६. चांगल्या, जुन्या नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढण्याचे प्रकारही होतात. पत्ता, दूरध्वनी आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे छापील अंकाशी ताडून पाहावे. शुल्क एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितले, तर तिथेच थांबावे.

७. समीक्षकांचे लेखी अभिप्राय मिळतात का? निबंध पाठवल्यावर दोन दिवसांत एकही दुरुस्ती न सुचवता ‘स्वीकृत’ असे उत्तर आले, तर आनंद मानण्यापेक्षा सावध व्हावे.

शुल्क घेतले म्हणजे नियतकालिक खोटेच, असे मात्र नाही. मुक्त प्रवेश देणारी अनेक प्रतिष्ठित नियतकालिके लेखकाकडून शुल्क घेतात. ते आधी जाहीर केलेले असते आणि स्वीकृतीशी त्याचा संबंध नसतो. आणि शुल्क न घेणारी चांगली नियतकालिकेही भरपूर आहेत.

चर्चासत्रांच्या ‘विशेषांका’चे काय?

महाविद्यालयात एक दिवसाचे राष्ट्रीय चर्चासत्र भरते. नोंदणी शुल्कातच निबंध छापण्याची हमी असते. सत्राच्या दिवशीच जाडजूड विशेषांक हाती पडतो. चर्चासत्राचा हेतू आपला कच्चा विचार मांडून टीका ऐकणे हा असतो. निबंध चर्चेच्या आधीच छापून तयार असेल, तर टीकेनंतर तो सुधारणार कधी? समीक्षण झाले असे म्हणायलाही तिथे वाव नसतो.

चर्चासत्राला जावे, निबंध वाचावा, लोकांचे प्रश्न वहीत टिपून घ्यावेत. त्यानुसार निबंध सुधारून तो सवडीने योग्य नियतकालिकाकडे पाठवावा. एकदा विशेषांकात आलेला निबंध पुन्हा दुसरीकडे देता येत नाही, हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे. एप्रिल २०२० मध्ये यूजीसीने स्वतःचेच लेखन उल्लेखाविना पुन्हा वापरणे, एकच निबंध दोन ठिकाणी छापणे, एका अभ्यासाचे तुकडे करून अनेक निबंध करणे या प्रकारांना स्वतंत्र सूचनेद्वारे अमान्य ठरवले आहे.

लेखक म्हणून नाव कोणाचे?

नवसंशोधकाची सर्वांत अवघड जागा ही. निबंध लिहिला विद्यार्थ्याने, पण पहिले नाव मार्गदर्शकाचे. कधी विभागप्रमुखांचे, कधी ओळखीच्या एखाद्याचे नावही जोडायला सांगितले जाते. ‘सरांना नाही कसे म्हणायचे?’ हा प्रश्न खरा आहे, कारण प्रबंधावरची सही त्यांच्याच हातात असते.

यामागे गुणांची पद्धतही आहे. २०१८ च्या नियमावलीत भाषा व सामाजिक शास्त्रांतील एका निबंधाला १० गुण, विज्ञान शाखांत ८ गुण आहेत. लेखक दोन असतील, तर प्रत्येकाला ७० टक्के मिळतात. म्हणजे १० गुणांच्या निबंधावर दुसरे नाव घातले की दोघांना ७-७, एकूण १४ गुण होतात. लेखक दोनपेक्षा जास्त असतील, तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. नाव ‘घालून देण्याचा’ व्यवहार अशा हिशेबातून वाढतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या चार अटी घातल्या आहेत : संशोधनाची आखणी किंवा माहितीचे संकलन-विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करण्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती, आणि निबंधातील प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही पूर्ण करणारा लेखक. बाकीच्यांचे ऋण आभारात मानायचे. मार्गदर्शकाने प्रश्न घडवण्यापासून मसुदा दुरुस्त करण्यापर्यंत काम केले असेल, तर त्यांचे नाव हा त्यांचा हक्क आहे. केवळ मार्गदर्शक आहेत म्हणून मात्र नव्हे.

वाद टाळण्याचा व्यवहार्य उपाय म्हणजे हे बोलणे लिहिण्याच्या आधी करणे. ‘सर, या निबंधात मी कोणते भाग लिहू आणि नावांचा क्रम कसा ठेवायचा?’ असे विचारून, ठरलेले त्याच दिवशी ई-मेलने कळवले की पुढे आठवणींवर भांडण होत नाही. यूजीसीच्या नियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्रात तिच्यासमोर प्रगती मांडायची असते. प्रकाशनाचा आराखडा त्या अहवालात लिहून ठेवल्यास विद्यार्थ्याच्या हाती अधिकृत नोंद राहते. ‘चॅट-जीपीटी’सारख्या साधनांबाबत प्रकाशन नीतिमत्तेची ‘कोप’ ही आंतरराष्ट्रीय संस्था म्हणते, की अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही. त्याचा वापर केला असेल, तर तो निबंधात सांगायला हवा आणि चुकांची जबाबदारी माणसाचीच.

वाङ्मयचौर्याची ‘१० टक्के सूट’ खरी आहे का?

यूजीसीच्या जुलै २०१८ च्या नियमांत साम्याचे स्तर ठरवले आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास विद्यार्थ्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्के असल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची बंदी. ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द. छापून आलेल्या निबंधाबाबत निबंध मागे घेणे, वेतनवाढ रोखणे, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास काही वर्षे मनाई, अशा शिक्षा आहेत.

पण हे आकडे सॉफ्टवेअरला सापडलेल्या शब्दसाम्याचे आहेत. दुसऱ्याचा एक मूळ निष्कर्ष श्रेयाविना उचलला, तर साम्य दोन टक्केही दिसणार नाही आणि तरीही ती चोरीच असते. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करून स्वतःच्या नावावर छापले, तर सॉफ्टवेअरला ते सहसा सापडत नाही. पण त्या विषयातला वाचक ते लगेच ओळखतो. उलट, संदर्भसूची किंवा नीट अवतरणात दिलेला मजकूर साम्यात धरायचा नसतो. आकडा कमी करण्यासाठी शब्दांची उलटापालट करण्याची गरज नाही. संदर्भ देण्याची गरज आहे.

मराठीतून लिहिले तर ते मोजले जाते का?

पंढरपूर हा विषयच याचे उत्तर देतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये मराठीत लिहिला. आधीच्या अभ्यासकांची मते नोंदवून, त्यांच्याशी वाद घालत तो उभा राहिला. १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये ॲन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेखही मूळ मराठी. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले. भाषांतर आहे हे उघड सांगितले, मूळ लेखाचा उल्लेख केला आणि प्रकाशकाची संमती घेतली, तर दोन भाषांत छापणे गैर नाही. लपवले तर ते दुहेरी प्रकाशन ठरते.

मराठीत वाईचे ‘नवभारत’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचे ‘संशोधक’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ अशी परंपरा असलेली नियतकालिके आहेत. निबंध पाठवण्यापूर्वी त्यांचे अंक वाचून आपला विषय तिथे बसतो का, हे पाहावे. निबंध युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधील पीडीएफ इंटरनेटच्या शोधात सापडत नाही आणि न सापडणाऱ्या निबंधाचा संदर्भ कोणी देत नाही. इंग्रजीत सारांश आणि विषयशब्द जोडले, तर मराठी न वाचणाऱ्या अभ्यासकालाही तो निबंध आहे हे कळते.

वारकऱ्यांची माहिती वापरताना काय पाळावे?

आषाढीला पंढरपुरात प्रश्नावल्या घेऊन फिरणारे विद्यार्थी दिसतात. वारकरी मोकळेपणाने बोलतात, पण बोलणे म्हणजे छापायला संमती नव्हे. आपण कोण, माहिती कशासाठी घेतो, नाव छापणार का, हे आधी सांगून होकार घ्यावा. आजार, जात, कर्ज अशा माहितीत नाव व गाव झाकावे. याउलट कोणी ओवी, अभंगाची चाल किंवा आख्यान सांगितले, तर तिथे नाव देणे हाच न्याय. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. बाईच्या ओवीवर ‘लोकसाहित्य’ एवढाच शिक्का मारून संशोधकाने श्रेय घेणे, हेही एक प्रकारचे वाङ्मयचौर्य आहे.

विज्ञान शाखेतही हेच गांभीर्य हवे. चंद्रभागेच्या पाण्याचे नमुने न घेताच आकडे भरले, तर तो निबंध केवळ खोटा राहत नाही. उद्या कोणी त्याच आधारे पाणी सुरक्षित असल्याचे सांगू शकतो. कच्च्या नोंदी, तारखा, ठिकाणे आणि उपकरणांची माहिती किमान पीएच.डी.नंतर काही वर्षे जपून ठेवावी.

आधीच फसगत झाली असेल तर?

पहिली गोष्ट, आणखी पैसे देऊ नयेत. निबंध काढून टाकण्यासाठी वेगळे शुल्क मागण्याचा प्रकार सर्रास चालतो. निबंध अजून छापला नसेल, तर मागे घेत असल्याचे ई-मेलने कळवून ती प्रत ठेवावी. छापला असेल, तर तोच निबंध गुपचूप दुसरीकडे देऊ नये. मार्गदर्शकांना सांगावे आणि पुढच्या कामात नवी माहिती, नवे विश्लेषण घेऊन लिहावे. अर्जात यादी फुगवण्यापेक्षा दोन चांगले निबंध ठेवणे बरे. ज्यांचे निबंध ‘केअर’ यादी चालू असताना आले, त्यांनी त्या काळात नियतकालिक यादीत असल्याचा पुरावा आताच जपून ठेवावा.

संस्थांची जबाबदारी काय?

सगळा भार नवसंशोधकावर टाकून संस्थांना हात झटकता येणार नाहीत. केंद्राच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांना खुली करण्याचे ठरले असून, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. ही सोय पंढरपूरच्या खासगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचेल, हे विद्यापीठाला पाहावे लागेल. ग्रंथपालाच्या मदतीने प्रत्येक विभागाने आपल्या विषयातील विश्वासार्ह नियतकालिकांची, मराठीसह, छोटी यादी करून ती दरवर्षी तपासली, तरी बराच प्रश्न सुटेल. ती यादी करणारे कोण आणि कोणत्या निकषावर, हे जाहीर असावे. नाही तर दिल्लीतल्या एका यादीच्या जागी गावोगावच्या ओळखीपाळखीच्या याद्या येतील.

निबंधांची संख्या मोजणे सोपे असते, वाचणे अवघड. निवड समित्या जोवर मोजत राहतील, तोवर व्हॉट्सॲपवरचा तो क्यूआर कोड चालतच राहणार. उमेदवाराला ‘किती निबंध?’ याऐवजी ‘तुमच्या एका निबंधात नवे काय सापडले?’ असे विचारले जाऊ लागेल, तेव्हा पैसे भरून छापलेल्या निबंधाची किंमत आपोआप उतरेल.